बेंचवरून आलेली ‘वहिनी’

फोटोच्या फ्रेमला काच होती, म्हणून मी तो बेंचवरून हलवायला सांगितला.

फायनल सुरू व्हायला थोडा वेळ होता. दोन्ही संघ वॉर्मअप करत होते. बेंचवरची पहिली खुर्ची कोचची असते. काळाचौकीच्या संघाच्या त्या खुर्चीत कोच बसला नव्हता, तर हार घातलेला एक फोटो पाठीला टेकवून उभा केला होता.

“नितीन, हा फोटो इथे नको,” मी म्हणाले.

नितीन म्हणजे त्या संघाचा कोच. तो माझ्याकडे बघतच राहिला. “वहिनी, दादांचा फोटो आहे.”

“दिसतंय. ओळखते मी त्यांना.”

“मग?”

“काच आहे. कुणी बॉलमागे धावत आला आणि खुर्चीवर आदळला, तर तुकडे कोर्टवर येतील. तिकडे पायऱ्यांवर ठेव, प्रेक्षकांत.”

“तुम्ही सांगताय हे?”

“रेफरी सांगतेय.”

फोटो माझ्या नवऱ्याचा होता. श्रीकांतचा. नितीनच्या आधी हा संघ त्याच्याकडे होता. कुणाचाही फोटो असता तरी मी हेच केलं असतं आणि कुणी दुसऱ्यांदा विचारलंही नसतं. त्या दिवशी मात्र पायऱ्यांवरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नितीनने फोटो उचलला, छातीशी धरला आणि उगाचच लांबच्या बाजूने चालत नेला.

नवे रेफरी मला विचारतात की ओळखीच्या बेंचला कसं तोंड द्यायचं. हा प्रसंग त्यांच्यासाठी लिहिते आहे. ज्यांनी बास्केटबॉल कधी पाहिला नाही त्यांनाही तो समजायला हरकत नाही.

मी दादरच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. शनिवार-रविवारी रेफरी असते. श्रीकांत कोच होता तोवर त्याच्या संघाची एकही मॅच मी घेतली नाही. कुणी बजावलं नव्हतं, आम्हीच ठरवलं होतं. मी पायऱ्यांवर पुस्तक घेऊन बसायची आणि मान वर करून बघायची. तो गेल्यावर ही अडचण उरली नाही. हे वाक्य लिहायला बरं वाटत नाही, पण असोसिएशनच्या माणसाने फोनवर जवळपास असंच म्हटलं. नेमलेले रेफरी आजारी पडले होते आणि फायनलला दुसरं कुणी मोकळं नव्हतं.

मी आधी नाही म्हटलं. मैदानाला लागूनच आमची इमारत आहे, अर्धा संघ माझ्याच जिन्यावरून ये-जा करतो, हे सांगितलं. त्याने दोन्ही कोचना विचारलं. समोरचा संघ गिरगावचा होता. त्यांचा कोच म्हणाला, “त्या बाईंच्या शिट्टीला आमची हरकत नाही.” नितीन म्हणाला, “आमची कशाला असेल?” दोघांच्या होकाराची कारणं वेगवेगळी आहेत, हे मला कळत होतं. तरी मी हो म्हटलं. रेफरीला नेमणूक द्यायला दोन होकार लागतात, ती मॅच नीट काढायला कुणाचा लागत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत होती. पुढच्या रविवारी श्रीकांतचं वर्षश्राद्ध होतं. अख्खा संघ जेवायला यायचा होता. वडे तळायला नितीनची आई येणार होती. आमच्या घरात आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. श्रीकांतला खांदा दिला तो याच मुलांनी. आणि हा चषक श्रीकांतला कधीच मिळाला नव्हता. दोनदा फायनलला येऊन हरला होता. या वर्षी तो आणायचाच, असं मुलांनी ठरवलं होतं. हे सगळं बरोबर घेऊनच मी कोर्टवर उतरले, आणि ते बरोबर आहे हे बेंचलाही माहीत होतं.

आता बेंचबद्दल. नियमाप्रमाणे बेंचवर कोच, त्याचा सहायक, बदली खेळाडू आणि संघाची नेमून दिलेली माणसं बसतात. उभं राहून सूचना द्यायची मुभा एका वेळी एकालाच असते, तीही आखलेल्या जागेत. आपल्याकडच्या स्पर्धांत मात्र बेंच म्हणजे मानाचा सोफा. पाहुण्यांना शाल-नारळ दिला की ते आपल्या संघाच्या बेंचवर जाऊन बसतात. मग तिथून खेळ शिकवतात, आणि रेफरीलाही.

त्या दिवशी काळाचौकीच्या मंडळाचे अध्यक्ष अप्पा शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन बदली खेळाडूंच्या मध्ये बसले होते. अप्पा आमच्याच गावाकडचे. माझ्या लग्नात पंगत त्यांनी सांभाळली होती.

“अप्पा, तुम्ही टीममध्ये आहात का?”

“आमीच तर टीम!”

“मग बूट घाला. नितीन तुम्हाला पहिल्या क्वार्टरला उतरवेल.”

बेंच हसला. अप्पाही हसले. “काय गो, माका उठवतंस?”

“तुम्हाला नाही, शालीला उठवतेय. मागच्या खुर्चीवर वारा चांगला येतो.”

ते उठले आणि बेंचच्या बरोब्बर मागे, प्रेक्षकांच्या पहिल्या खुर्चीत बसले. मला तेवढं पुरेसं होतं. हे काम मॅच सुरू होण्याआधी करा. एकदाच करा आणि हसत करा. खेळ तापल्यावर उठवायला गेलात तर तो अपमान ठरतो, आणि मग तुम्ही बरोबर असूनही भांडण तुमच्या नावावर जमा होतं.

माझ्याबरोबर दुसरा रेफरी प्रणव होता. पोरगा हुशार, नियम तोंडपाठ, पण पहिलीच फायनल. मी त्याला एकच गोष्ट सांगितली होती, की बेंचकडून काय ऐकायचं आणि काय नाही हे आधी ठरव. कोचने विचारलं, “कुणाचा फाउल?” तर नंबर सांगायचा. “कसला फाउल दिला हा!” हे त्याचं मत झालं. ते मत त्याच्याकडेच राहू द्यायचं. त्याच्या मागून प्रेक्षक जे बोलतात ते ऐकूच येत नाही असं समजायचं. लोकांचं तोंड आपल्या ताब्यात नसतं. बेंचचं असतं.

पहिल्या हाफमध्ये नितीन ठीक होता. बडबडत होता, पण खेळाबद्दल. फक्त प्रत्येक वाक्याच्या आधी ‘वहिनी’ होतं. “वहिनी, तीन सेकंद झाले, बास्केटखालीच उभा आहे तो!” “वहिनी, हाताला मारलं त्याने!” गिरगावच्या बेंचवरची मुलं गालातल्या गालात हसायची.

हाफटाइमला मी त्याच्याकडे गेले. “नितीन, मैदानावर मला मॅडम म्हण, नाहीतर रेफरी म्हण.”

“सवय आहे हो.”

“मलाही आहे. म्हणून सांगतेय.”

तो मान हलवून गेला. ‘वहिनी’ थांबलं नाही, नुसतं हळू झालं.

दोन्ही संघांत फारसा फरक नव्हता. चौथ्या क्वार्टरच्या मध्याला स्कोअर बरोबरीत आला. काळाचौकीचा ओंकार बचाव करताना समोरच्याच्या मनगटावर मारून गेला. साधा फाउल, आवाज पायऱ्यांपर्यंत गेला असेल. मी शिट्टी वाजवली.

मागून अप्पांचा आवाज आला. “दादा वरून बघतोय हां!”

पायऱ्यांवर आधी हशा झाला. मग कुणीतरी “श्रीदादा, श्रीदादा” असं ओरडायला लागलं, आणि बघता बघता त्याची घोषणाच झाली. मी स्कोअर लिहिणाऱ्यांच्या टेबलाला नंबर दाखवला. ऐकलं नाही असं समजले. खरं तर ऐकलं होतं. वर्षभरात इतक्या माणसांच्या तोंडून ते नाव एकदम मी ऐकलं नव्हतं. पण ते प्रेक्षकांतून आलं होतं.

मग नितीन आपली आखलेली जागा सोडून लाईन ओलांडून आत आला. दोन्ही हात पसरलेले.

“वहिनी, दादा असता तर हा कॉल दिला असता का तुम्ही?”

मी दोन तळहातांचा T केला. टेक्निकल फाउल.

टेक्निकल म्हणजे अंगाला धक्का न लागता झालेला फाउल. वागणुकीचा. त्याची शिक्षा म्हणजे समोरच्यांना एक फ्री थ्रो, कुणी आडवं न येता बास्केटवर एका गुणाचा एक नेम, आणि खेळ होता तिथून पुढे.

नंतर काही भल्या माणसांनी मला सुचवलं की कोच लाईनच्या आत आला म्हणून दिला असं सांगा, म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही. तो आत आला होता हे खरं आहे. तेवढ्यावरही देता आला असता. पण मी त्या वाक्यासाठीच दिला. अख्ख्या मैदानासमोर मेलेल्या माणसाचं नाव घेऊन रेफरीकडे कॉल मागायचा, हा माझा अनादर आहे आणि त्याचाही. श्रीकांतला बेंचवर टेक्निकल मिळालेला मी पायऱ्यांवरून पाहिला आहे. घरी आल्यावर त्याने विचारलं, “बरोबर होता का गं?” मी म्हटलं, “बरोबर होता.” तो आंघोळीला गेला. नितीनने प्रश्न चुकीच्या बाईला विचारला होता. मला उत्तर माहीत होतं.

गिरगावच्या मुलाने फ्री थ्रो टाकला. आत गेला. त्यानंतर बास्केट दोन्हीकडे पडत राहिली, पण तो एक गुण मध्ये राहिलाच.

शेवटच्या टाइमआउटला प्रणव जवळ आला. “मॅडम, आता शेवटचं मिनिट आहे. थोडं सांभाळून घेऊया का?”

“कुणाला?”

त्याची नजर नितीनच्या बेंचकडे गेली.

“प्रणव, पहिल्या मिनिटाला जो फाउल होता तो शेवटच्या मिनिटालाही फाउल आहे. न वाजवलेली शिट्टीसुद्धा कुणाला तरी मॅच देते. जा, तुझी बाजू बघ.”

बॉल काळाचौकीकडे आला. सगळ्यांना माहीत होतं की ओंकार घेऊन जाणार. तो उजवीकडून घुसला. बास्केटखालची बाजू माझी होती. अशा वेळी अख्खं मैदान बॉलकडे बघतं. रेफरीने बचाव करणाऱ्याकडे बघायचं असतं. बॉलवाला काय करणार हे तो स्वतःच दाखवतो. प्रश्न असतो तो समोरचा तिथे आधी पोचला होता का, एवढाच.

गिरगावचा उंच मुलगा सरकत आला, दोन्ही पाय टेकले, छाती समोर केली. ओंकारचे पाय तेव्हा जमिनीवर होते. मग ओंकारने उडी घेतली आणि त्याचा खांदा सरळ त्या छातीत गेला. मुलगा मागे पडला. पडता पडता त्याचा एक पाय हलला. बॉल बोर्डाला लागून आत गेला.

मैदान उठलं. कुणीतरी ढोलावर थाप मारलीच. माझी शिट्टी त्याच्या आधी वाजली होती, पण ती लोकांना उशिरा ऐकू आली.

मी मूठ तळहातावर आपटली. चार्जिंग. म्हणजे फाउल बॉलवाल्याचा. मग दोन्ही हात छातीसमोर ओलांडून हलवले. बास्केट रद्द.

इथे एक समज दुरुस्त करते, कारण तो कोचनाही असतो. बचाव करणारा पुतळ्यासारखा थांबलेला असावा, जरा हलला की फाउल त्याचा, असं लोकांना वाटतं. ते तसं नाही. त्याने आधी समोर येऊन दोन पाय टेकून जागा घेतली असेल, तर मागे सरकायची, अंग चोरायची त्याला मुभा आहे. बघायचं ते पायाचा अंगठा नाही, धडक कुठे बसली ते. छातीत बसली की बहुतेक वेळा चार्ज. मुलगा वाटेत उशिरा घुसला आणि धडक बाजूने बसली, तर ब्लॉक, म्हणजे फाउल त्याचा. आणि शंका असेल तर शिट्टी तोंडात धरून अर्धा श्वास थांबा. मला शंका नव्हती.

उरलेल्या दोन-तीन सेकंदांत गिरगावने बॉल आत घेतला आणि धरून ठेवला. मॅच संपली. एका गुणाने.

“घरच्यांनीच घात केला!” हे अप्पा होते. नारळ अजून हातात होता.

ओंकार टॉवेल डोक्यावर घेऊन खाली बसला होता. नितीनने गिरगावच्या कोचला हात दिला, प्रणवला दिला आणि माझ्यासमोरून वळून गेला. प्रणव म्हणाला, “मॅडम, मी त्यांना समजावू का? पाय टेकले होते, मला पण दिसलं.”

“चल.”

“पण...”

“स्कोअरशीटवर सही कर आणि चल. हरलेल्या माणसाला नियम शिकवायचा नसतो.”

मॅच संपल्यावर दोन्ही रेफरींनी एकत्र निघायचं, रेंगाळायचं नाही, हा नियम मी रेफरींच्या अनेक शिबिरांत शिकवला आहे. तो शिकवताना रेफरीचं घर मैदानाच्या पलीकडेच असेल, हे कुणी धरत नाही. प्रणव टॅक्सीने गेला. मी मैदान ओलांडून, पायऱ्यांवरच्या सगळ्यांच्या समोरून, माझ्या जिन्याकडे गेले. कुणी शिवी दिली नाही. बायका आपापल्या पिशव्या आवरत राहिल्या. फोटो खालच्या घरातल्या आजी घेऊन आल्या, दारात माझ्या हातात दिला आणि आत न येता गेल्या.

आठवडा तसाच गेला. मोबाईलवर कुणीतरी काढलेला व्हिडिओ इमारतीत फिरला. ज्याला ब्लॉक बघायचा होता त्याला त्यात ब्लॉक दिसला. जिन्यात मुलं कडेला होऊन वाट द्यायची, पूर्वीपेक्षा जास्तच अदबीने. बुधवारी नितीनच्या आईचा निरोप आला की गुडघा दुखतोय, तळायला उभं राहवणार नाही. गुरुवारी असोसिएशनच्या त्याच माणसाचा फोन आला.

“मॅडम, तुमच्याकडे कार्यक्रम आहे म्हणे रविवारी. अप्पा फार नाराज आहेत. दोन शब्द बोलून टाका ना.”

“काय बोलू?”

“असंच. गैरसमज झाला असेल तर...”

“गैरसमज कुणाचाच नाही. त्यांना बास्केट हवं होतं, मी दिलं नाही. दोघांनाही नीट कळलंय.”

“अहो, पण माणसं जोडून ठेवावी लागतात. एकट्या राहता तुम्ही.”

“म्हणून चार्जचा ब्लॉक करू?”

“करा असं कुठे म्हणतोय? झाली ती मॅच झाली. नुसतं वाईट वाटलं असं म्हणा.”

“ते मला मॅचच्या आधीपासून वाटतंय,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

शनिवारी संध्याकाळी मी काळे वाटाणे भिजत घातले. किती, हा प्रश्न होता. दोन घरच्या नातेवाइकांपुरते घालता आले असते. एक मूठ घातली, आणि मग राग आला. मी कुणाला येऊ नका म्हटलं नव्हतं. मी डबा अख्खा पातेल्यात पालथा केला. वड्यांचं पीठही पूर्ण संघाचं मळलं. तळायला मी आणि माझी नणंद होतो. ती म्हणाली, “एवढं कोण खाणार गं?” मी म्हटलं, “बोलावलंय सगळ्या संघाला.”

भटजी विधी करून गेले. नातेवाईक जेवले. पंगत उठली तरी गॅलरीत कुणी नव्हतं.

मग ओंकार आला. एकटा. दारातच म्हणाला, “पानं वाढली का? मी वाढायला घेतो.” त्याच्यामागे दोघे आले, मग जिन्यावर बुटांचा ढिगारा झाला. कुणी माझ्याकडे नीट बघत नव्हतं. फोटोला नमस्कार करायचे आणि खाली मान घालून बसायचे. नितीन सगळ्यात शेवटी आला, आईला हाताला धरून. तिचा गुडघा खरंच सुजला होता.

दुसऱ्या वड्याला नितीन थांबला.

“वहिनी, पाय हलला होता त्याचा.”

“हलू दे. छाती कुठे होती?”

“छातीचं सोडा. पाय हलला.”

“पडताना हलला. धडकेनंतर.”

“छाती समोरच होती रे,” ओंकार आमटी घेता घेता म्हणाला. “मला लागली ना.”

“तू गप. जेव.” नितीनने वडा मोडला. “टेक्निकलचं मी काही म्हणत नाही. ते मी बोलायला नको होतं. पण तो ब्लॉकच होता.”

“चार्ज. आमटी वाढू?”

“वाढा.”

नितीनची आई म्हणाली, “काय मेलं एका बॉलसाठी!” आणि सगळे एकदम बोलायला लागले. पाय, छाती, उडी आधी की जागा आधी. दोघं उठले आणि ताटांच्या मधल्या जागेत ओंकारला उभं करून धडक दाखवायला लागले. माझ्या नणंदेने ओरडून त्यांना खाली बसवलं. नितीनला मी पटवू शकले नाही. आजही तो ब्लॉकच म्हणतो. पुढच्या मोसमात त्याच्या संघाच्या मॅचला माझं नाव आलं, तेव्हा त्याने हरकत घेतली नाही. त्या मॅचला त्याला दुसरा टेक्निकल मिळाला. कारण वेगळं होतं.

अप्पा आले नाहीत. अजून जिन्यात भेटले तर भिंतीकडे बघतात. त्यांच्या वाटणीचे वडे उरले. ते मी पाठवले नाहीत. सोमवारी डब्यात घालून शाळेत नेले.

तेव्हा नव्या रेफरींनो, कोण नाराज होईल याचा हिशेब शिट्टी तोंडात असताना करू नका. तो हिशेब लोक तुमच्यासाठी करतातच. कॉल द्या, सही करा, मागे न बघता निघा. स्वयंपाक मात्र सगळ्यांचा करा.